जागतिकीकरण : अर्थ आणि वाटचाल

'जागतिकीकरण' हा शब्द विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वतोमुखी झाला. पण या शब्दाने सुचविली जाणारी प्रक्रिया पुष्कळ जुनी आहे. वस्तू, भांडवल, श्रम, तंत्रज्ञान आणि विचार यांनी देशांच्या सीमा ओलांडणे आणि त्यातून निरनिराळे देश परस्परांवर अवलंबून राहू लागणे, यास जागतिकीकरण असे म्हणतात. दोन देशांत केवळ मालाची देवघेव होणे म्हणजे जागतिकीकरण नव्हे. एका देशातील घटनेमुळे दुसऱ्या देशातील सामान्य माणसाचे जीवन बदलू लागते, तेव्हा त्याचा खरा प्रत्यय येतो.

प्राचीन काळीही भारताचा दूरदेशांशी व्यापार होता. भडोच, सोपारा, कल्याण या बंदरांतून पश्चिमेकडे माल जात असे. भारतात सापडलेली रोमन नाणी त्याची साक्ष देतात. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि युरोप व भारत यांच्यातील थेट सागरी मार्ग खुला झाला. पोर्तुगीजांमार्फत मिरची, बटाटा, काजू ही मूळची अमेरिका खंडातील पिके भारतात आली. आज ज्या मिरचीवाचून मराठी स्वयंपाकाची कल्पनाही करवत नाही, ती मुळात परदेशी पाहुणी होय.

या प्रक्रियेचे आधुनिक रूप समजून घेण्यास कापसाचे उदाहरण उपयोगी पडते. भारतीय सुती कापडाला एकेकाळी जगभर मागणी होती. इंग्लंडमध्ये औद्योगिक क्रांती झाल्यावर यंत्रावरचे स्वस्त कापड भारतात येऊ लागले. राज्यसत्ताही इंग्रजांच्याच हाती होती. परिणामी अनेक विणकरांचा धंदा बुडाला आणि कापड निर्यात करणारा देश कच्चा कापूस पुरविणारा देश बनला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली व लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांनी भारताकडे धाव घेतली. कापसाचे भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि शेअरांचा सट्टा बेसुमार वाढला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे व्यापारीही या लाटेत बुडाले. भाव चढले तेही परक्या युद्धामुळे आणि उतरले तेही परक्या शांततेमुळे!

१८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला. पुढच्याच वर्षी समुद्रातळीच्या तारायंत्राने मुंबई लंडनशी जोडली गेली. माल आणि वार्ता यांचा वेग वाढला. माणसेही दूरदेशी गेली. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या करारबद्ध मजुरांत मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी आपली भाषा आणि सण तेथे जपले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक व्यापाराला नियमांची चौकट मिळाली. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतून जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा पाया घातला गेला. १९४७ मध्ये २३ देशांनी 'गॅट' करारावर सह्या केल्या. त्यांत भारतही होता. तथापि, स्वतंत्र भारताने प्रथम स्वावलंबनावर भर देऊन आयातीवर कडक नियंत्रणे ठेवली. १९९१ मध्ये परकीय चलनाचे गंभीर संकट ओढवले, तेव्हा नवे आर्थिक धोरण स्वीकारण्यात आले. खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण या त्रयीचा उल्लेख मराठीत 'खाउजा' असा संक्षेपाने केला जातो. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य झाला.

या धोरणामुळे दूरसंचार, संगणक आणि सेवाक्षेत्रांत नवे रोजगार निर्माण झाले. ग्राहकाला निवडीला वाव मिळाला. मात्र लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना मोठी अनुदाने देतात व त्यामुळे जागतिक बाजारातील भाव पडतात. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि निर्णय ब्राझीलच्या बाजूने लागला. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र अशी दाद एकट्याने मागता येत नाही. पाऊस, कर्ज आणि कीड यांच्याशी झुंजून पिकविलेल्या कापसाच्या भावावर दूरदेशीच्या घडामोडींचा परिणाम होतो, आणि त्या घडामोडी त्याच्या हाती नसतात.

२०२० मध्ये कोविडच्या साथीने कारखाने आणि वाहतूक ठप्प केली. २०२१ मध्ये एका अवाढव्य जहाजाने सुएझ कालवा सहा दिवस अडविला. परस्परावलंबनातून सोय होते, तसा धोकाही संभवतो, हे त्यामुळे पुन्हा दिसून आले.

जागतिकीकरण हे निव्वळ वरदान नव्हे आणि निव्वळ शापही नव्हे. जग जवळ आले, हे खरे. परंतु या जवळिकीचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि तोटा कोणाच्या माथी येतो, यावरूनच तिचे मोल ठरते. कापसाचा दीडशे वर्षांहून जुना इतिहास हाच प्रश्न विचारीत आला आहे.