हिंगोलीत शुगरचे रुग्ण २८ हजार की ५० हजार?

२०११च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ भरली. सरकारी असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात नियोजनासाठी हजार वस्तीमागे ३७० माणसं तिशीपुढची धरतात. म्हणजे जिल्ह्यात सुमारे ४ लाख ३६ हजार. यात मधुमेही किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीत २००८-१०च्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्राचा दर ६.५ टक्के निघाला होता. याच पाहणीचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला देशाचा दर ११.४ टक्के आहे. पहिला लावला तर २८ हजार रुग्ण, दुसरा लावला तर जवळपास ५० हजार. पाहणी विशीपुढच्यांची होती, त्यामुळे तिशीपुढे दर आणखी चढाच असणार.

हा फरक कागदावरचा नाही. माणशी दिवसाला मेटफॉर्मिनच्या दोन गोळ्या धरा. एका अंदाजानं महिन्याला १७ लाख गोळ्या लागतात, दुसऱ्यानं ३० लाख. मागणी पहिल्या आकड्यावर नोंदवली आणि खरा आकडा दुसरा निघाला, तर महिना सरायच्या आत उपकेंद्रातल्या गोळ्या संपतात. मग रुग्णाला पदरमोड करून मेडिकलमधून गोळ्या घ्याव्या लागतात किंवा त्या बंद होतात.

बीपीच्या आकड्यांत तर तफावत आणखी मोठी. इंडियाब म्हणते ३५.५ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) देशात स्त्रियांमध्ये २१.३ आणि पुरुषांमध्ये २४ टक्के सांगते. दोन्ही पाहण्या प्रामाणिक आहेत; वयोगट आणि मोजण्याची रीत वेगळी आहे. कुटुंब पाहणी जिल्हावार आकडे देते, पण तेही जपून वाचावे लागतात. ७०७ जिल्ह्यांत मिळून ६,३६,६९९ घरं, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९००. हजार स्त्रियांच्या नमुन्यात शुगर १० टक्के आली, तर खरा आकडा ८ ते १२ मध्ये कुठंही असू शकतो. एका पाहणीत १०, पुढच्या पाहणीत १२ आले म्हणून ‘जिल्ह्यात मधुमेह वाढला’ असा मथळा देणं चूक आहे. आणि जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात जास्त की वसमतमध्ये, हे तर त्यातून मुळीच कळत नाही.

ते कळू शकतं आशाताई घरोघर भरते त्या जोखमीच्या फॉर्मवरून. वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, यावर गुण. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९०च्या पुढे गेली की गुण वाढतो. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची तपासणी आधी. अंदाज बांधण्याचं हे सर्वांत स्वस्त साधन, पण ते विचारणाऱ्यावर अवलंबून आहे. “तंबाखू खाता का?” असं विचारलं की म्हातारी सरळ नाही म्हणते. “मिश्री लावता का?” असं वेगळं विचारलं तर हो म्हणते. रोजच्या मिश्रीचे दोन गुण या एका प्रश्नावर ठरतात. शिवाय हळदीच्या रानात राबणाऱ्या सडपातळ बाईचे गुण कमीच भरतात, बीपी मात्र वाढलेलं असू शकतं. म्हणून कमी गुणांच्या माणसांनाही तपासणीतून वगळायचं नसतं.

माझं म्हणणं असं, की अंदाजाची ही दरी आणखी एका पाहणीनं बुजणार नाही. ती बुजेल रुग्ण परत आला की नाही, याच्या नोंदीनं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमानं महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे आधी घेतले. तिथं कळीचा आकडा ‘किती तपासले’ हा नव्हता; नोंदवलेल्यांपैकी किती जणांचं बीपी १४०/९०च्या खाली आहे, हा होता.

हिंगोलीत ही नोंद जास्तच अवघड, कारण दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला कामाला जातात. रजिस्टरवर नाव राहतं, माणूस नसतो. उपकेंद्राच्या मासिक अहवालात ‘तपासले’च्या शेजारी ‘तीन महिन्यांत आले’, ‘आटोक्यात’ आणि ‘स्थलांतरित’ असे गावनिहाय रकाने हवेत. ‘स्थलांतरित’मधल्यांना गाडी निघण्याआधीच तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या, तर तेवढा साठा सप्टेंबरातच मागवावा लागेल.