भट्टीत दगड जळतो का?

रांजणगाव ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्या वस्तीत कुंभारांप्रमाणे चुना तयार करणारे कारागीरही होते. अपघटन अभिक्रिया शिकवताना या कारागिरांपासून सुरुवात करता येईल.

चुनखडी भट्टीत तापवली की कळीचा चुना मिळतो. ‘दगड जळून चुना झाला’ असे आपण सहज म्हणतो आणि मुलांचा घोटाळा तेथेच होतो. जळते ते लाकूड किंवा कोळसा. जळताना इंधनाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो व उष्णता बाहेर पडते. चुनखडीला मात्र ऑक्सिजन लागत नाही. ती उष्णता घेते आणि एका कॅल्शिअम कार्बोनेटपासून कॅल्शिअम ऑक्साइड (कळीचा चुना) व कार्बन डायऑक्साइड असे दोन पदार्थ तयार होतात. भट्टी एकच; पण तिच्यात एक अभिक्रिया उष्णता देते, दुसरी घेते.

१०० ग्रॅम शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेटपासून ५६ ग्रॅम चुना मिळतो. उरलेले ४४ ग्रॅम वायुरूपाने निघून जातात. या वायूला वाट हवी. तो कोंडला तर चुना त्याच्याशी पुन्हा संयोग पावतो व अपघटन अडते. भिंतीला लावलेला चुना हवेतला हाच वायू घेऊन हळूहळू पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट बनतो.

चुनखडीला सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ते वर्गात शक्य नाही. त्याऐवजी कोरड्या परीक्षानळीत ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा घ्या. नळीचे तोंड किंचित खाली झुकवून ती तापवा. तोंडाशी पाण्याचे थेंब जमतील. निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर ती दुधाळ होईल. तापवणे थांबवण्यापूर्वी वायूची नळी निवळीतून बाहेर काढा, नाहीतर निवळी मागे ओढली जाईल. अपघटन पूर्ण झाल्यास सुमारे ५.३ ग्रॅम निर्जल सोडिअम कार्बोनेट उरते.

हा फरक परीक्षेपुरता नाही. सिमेंटच्या कारखान्यातही चुनखडीच तापवतात. तेथे कोळशाऐवजी दुसरे इंधन वापरले, तर इंधनाचा धूर कमी होईल. पण खुद्द दगडातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड तेवढाच राहील. असे का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.