मिनिटांची परतफेड

शर्यत म्हटली की तिचे दैवत घड्याळ, हे मान्य करूनच स्पर्धक तिच्यात उतरतो. एक मिनिट दवडणे म्हणजे वर्षभराच्या मेहनतीतला आणि पदरच्या पैशातला काही हिस्सा वाळूत टाकणे, हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागत नाही. असे असता, जगातील अत्यंत खडतर समजल्या जाणाऱ्या एका मोटारसायकल-शर्यतीत, वाळूच्या उंचवट्यापलीकडे एखादा प्रतिस्पर्धी निपचित पडलेला दिसताच मागून येणारा स्वार आपली गाडी उभी करतो, घड्याळ चालू आहे हे पुरते ठाऊक असूनही त्याच्यापाशी थांबून राहतो, आणि सायंकाळी मुक्कामावर पंचमंडळी त्याने तेथे खर्ची घातलेली मिनिटे मोजून त्याच्या खाती परत जमा करतात, ही गोष्ट ज्यांनी मोटारसायकल केवळ कचेरीस जाण्यापुरती वापरली त्यांनाही विचारात पाडील अशी आहे. या शर्यतीचे नाव डाकार रॅली.

१९७८ सालच्या डिसेंबरात ती प्रथम पॅरिसहून निघाली आणि सेनेगालच्या राजधानीस, म्हणजे डाकारला, पोचली. तिचा संस्थापक थिएरी साबीन हा फ्रेंच गृहस्थ त्याआधी १९७७ साली आबिजान ते नीस या शर्यतीत मोटारसायकलवरून जात असता आफ्रिकेच्या वाळवंटात वाट चुकला होता आणि अगदी अखेरच्या घटकेला सापडला होता. एखाद्याने त्यानंतर वाळवंटाचे नाव टाकले असते, परंतु साबीनने इतरांनाही तेथे घेऊन जाण्याचा घाट घातला. पुढे १९८६ साली शर्यत चालू असतानाच माली देशात हेलिकॉप्टरच्या अपघातात तो मृत्यू पावला. २००८ साली दहशतवादाच्या भयाने शर्यत रद्द झाली, २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत भरू लागली आणि २०२० पासून सौदी अरेबियात. डाकार शहर मागे राहिले, नाव मात्र तेच चालू आहे.

वाळवंटातल्या अपघाताची जात आपल्या रस्त्यावरच्या अपघाताहून निराळी असते. पहाटेच्या अंधारात मोटारसायकलस्वार ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात. समोर वाट नसते, असते ती हँडलवर बसवलेली मार्गसूची, आणि तिच्यावरच्या खुणा वाचत, एक डोळा त्या खुणांवर आणि एक जमिनीवर ठेवून, ताशी शंभराहून अधिक वेगाने शेकडो किलोमीटर जायचे असते. न दिसलेला एक दगड किंवा पाण्याने कापलेली एखादी घळ एवढे कारण पुरते. पडला तर पाहायला प्रेक्षक नाही, धावत यायला गाव नाही. त्यातही टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर पडलेल्या माणसाची दशा सर्वांत वाईट, कारण दुचाक्यांच्या मागाहून मोटारी आणि अवजड ट्रक सुटलेले असतात आणि माथा ओलांडेपर्यंत त्यांच्या चालकांना पलीकडे काय पडले आहे याचा पत्ता नसतो.

म्हणून जो स्वार प्रथम तेथे पोचतो त्याच्या शिरावर तीन कामे एकदम येऊन पडतात. प्रत्येक गाडीवर उपग्रहाशी जोडलेले एक यंत्र असते. त्याची कळ दाबून नियंत्रण-कक्षाला वर्दी द्यायची, हे पहिले. माथ्यावर उभे राहून किंवा आपली गाडी आडवी लावून मागून येणाऱ्यांना सावध करायचे, हे दुसरे. आणि तिसरे, जखमी माणसाकडे पाहायचे, ज्यात करायच्या गोष्टींपेक्षा न करायच्या गोष्टीच अधिक: त्याला ओढायचे नाही, बसवायचे नाही, श्वास चालू असेल तर हेल्मेट उपसायचे नाही, कारण मानेचा मणका मोडला असल्यास एवढ्या हालचालीने माणूस जन्माचा पंगू होतो. श्वास चालू आहे ना हे पाहावे, शुद्ध असेल तर नाव विचारून बोलते ठेवावे, आपल्या अंगाची सावली त्याच्या तोंडावर धरावी, आणि आकाशात हेलिकॉप्टरचा आवाज येईपर्यंत जागचे हलू नये. डॉक्टर उतरले की त्याची जबाबदारी संपते आणि घड्याळ पुन्हा त्याचे होते.

या साऱ्या अवधीची नोंद त्याच यंत्राच्या दप्तरी होते. गाडी कोठे आणि किती वेळ उभी होती याबद्दल तक्रारीस जागा राहत नाही, आणि तेवढा वेळ त्याच्या एकूण वेळेतून वजा केला जातो. मला या व्यवस्थेचे विशेष कौतुक वाटते ते ती उदात्त आहे म्हणून नव्हे, तर व्यवहारी आहे म्हणून. स्पर्धकांच्या अंतःकरणात दया आहे की नाही याची चौकशी ती करीतच नाही. दयेपायी कोणाचे नुकसान होऊ नये, एवढीच तजवीज करते. जो थांबला तो मूर्ख ठरत नाही, आणि जो न थांबता निघून गेला त्याला वेळेची सबब सांगता येत नाही.

पोर्तुगालचा पाउलो गोंसाल्वेस (आडनाव गोव्याच्या वाचकाला परके वाटू नये) हा या बंधुत्वाचा उभयपक्षी साक्षीदार म्हणावा लागेल. २०१५ च्या डाकारमध्ये तो दुसरा आला होता. २०१६ साली, बोलिव्हियातील उयुनीहून अर्जेंटिनातील साल्टाकडे जाणाऱ्या सातव्या टप्प्यात, एकूण क्रमवारीत तो अग्रभागी असताना, ऑस्ट्रियाचा माथियास वाल्कनर मांडीचे हाड मोडून पडलेला त्याला दिसला. वाल्कनर हा विरोधी चमूतला, आणि विजेतेपदाच्या दावेदारांपैकी एक. तो बाद झाल्याने गोंसाल्वेसचा मार्ग मोकळाच होत होता. गोंसाल्वेस थांबला, मदत येईपर्यंत थांबला, आणि संध्याकाळी त्याची मिनिटे त्याला परत मिळून आघाडी कायम राहिली. ती शर्यत त्याला जिंकता आली नाही. काही दिवसांतच तो स्वतः पडून बाहेर गेला, आणि विजयी झाला ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस. हाडे सांधलेला वाल्कनर मात्र २०१८ साली डाकार जिंकून मोकळा झाला.

२०२० साली गोंसाल्वेस आपल्या हीरो कंपनीच्या चमूतून उतरला. हिंदुस्थानी कंपनीच्या गाडीवर बसलेला तो एक अनुभवी, चाळिशीचा, सर्वांचा लाडका स्वार होता आणि डाकारची ती त्याची तेरावी फेरी होती. १२ जानेवारीला, रियाधहून वादी अद्-दवासिरकडे जाताना, २७६ व्या किलोमीटरवर तो कोसळला. त्याच्यापाशी प्रथम पोचला तो टोबी प्राइस, आदल्या वर्षीचा विजेता. २०१५ साली गोंसाल्वेस दुसरा आला तेव्हा तिसरा आलेला प्राइसच होता, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांची मिनिटे मोजत आलेली ही माणसे. प्राइसने वर्दी दिली. मागून स्लोव्हाकियाचा श्टेफान स्विट्को आला, तोही थांबला. आयोजकांच्या नोंदीप्रमाणे १० वाजून ८ मिनिटांनी वर्दी मिळाली आणि १० वाजून १६ मिनिटांनी वैद्यकीय हेलिकॉप्टर जागेवर होते. आठ मिनिटे. हृदय बंद पडलेल्या गोंसाल्वेसवर तेथेच वाळूत शर्थीचे उपचार झाले, मग त्याला लैला येथील रुग्णालयात नेले, आणि तेथे तो मृत घोषित झाला.

प्राइसने हेलिकॉप्टरपर्यंत मित्राला उचलून नेण्यास हात लावला आणि मगच तो आपल्या गाडीवर बसला. तासाहून अधिक वेळ त्याचा तेथे गेला होता. तो त्याला नियमाप्रमाणे परत मिळाला. परंतु मिनिटे परत करणाऱ्या पंचांनाही त्या माणसाचे चित्त परत देता येत नाही. मित्राचे निर्जीव शरीर नुकतेच हातून सोडून पुढची दोनशेहून अधिक किलोमीटर वाळू त्याच वेगाने कापायची, हा जो भार, त्याची वजाबाकी कोणत्याच दप्तरात होत नसते. दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा रद्द करण्यात आला, आणि हीरोच्या चमूने त्या वर्षीपुरती माघार घेतली. त्या चमूतला दुसरा पोर्तुगीज स्वार जोआकिम रॉड्रिग्ज हा गोंसाल्वेसचा मेहुणा; २०१८ साली पहिल्याच टप्प्यात पडून त्याच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली होती आणि मोठ्या कष्टाने तो पुन्हा गाडीवर बसला होता.

वर्ष लोटले न लोटले तोच, ६ जानेवारी २०२१ रोजी, त्याच मुलखात आणि त्याच चमूवर पुन्हा आघात झाला. २०१५ साली डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरलेला बंगळुरूचा सी. एस. संतोष चौथ्या टप्प्यात पडला. डोक्यास मार लागल्यामुळे डॉक्टरांनी त्याला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवले आणि रियाधच्या रुग्णालयात हलवले. त्या दिवसांत या देशातल्या मोटारसायकलस्वारांच्या लहानमोठ्या मंडळांतून संतोषच्या प्रकृतीची वार्ता जितक्या आस्थेने विचारली गेली तितकी ती एखाद्या क्रिकेटपटूच्या बाबतीतच विचारली जाते, आणि संतोषला तर निम्म्याहून अधिक देशाने कधी पाहिलेलेही नव्हते. त्या वर्षी शर्यतीच्या यादीत आशिष रावराणे हे मराठी नावही होते, त्यामुळे इकडच्या मंडळींचे लक्ष तिकडे आधीच लागलेले. संतोष शुद्धीवर आला, स्वदेशी परतला. २०२२ च्या जानेवारीत रॉड्रिग्जने तिसरा टप्पा जिंकला. हीरोच्या गाडीने डाकारमध्ये जिंकलेला तो पहिला टप्पा.

आता आपल्याकडे वळू. आपला प्रवासी निर्दय आहे आणि जखमी माणसाला टाकून पुढे जातो, हा आरोप आपण स्वतःवर वारंवार करतो. मला तो अर्धाच खरा वाटतो. आमच्या माणसाला दया येत नव्हती असे नाही, त्याला तिची किंमत परवडत नव्हती. जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्यालाच चौकीवर बसवून जाबजबाब घ्यायचे, पंचनाम्यावर सही करवायची, मग तारखांमागून तारखांना साक्षीसाठी कचेरीच्या पायऱ्या चढायला लावायच्या, आणि प्रसंगी धडक तूच दिलीस की काय असा संशयही घ्यायचा, असा रिवाज असल्यावर शहाणा माणूस मान फिरवून गाडी पुढे काढणार, यात नवल ते कोणते? डाकारच्या पंचांनी जे वेळेच्या बाबतीत केले ते आपल्या कायद्याला भीतीच्या बाबतीत करायला फार विलंब लागला.

त्याची सुरुवात, योगायोगाने म्हणा, एका दुचाकीस्वारापासूनच झाली. मोटारीच्या धडकेने पडलेल्या एका स्कूटरस्वाराला कोणी सज्जनाने जवळच्या रुग्णालयात नेले; पोलिसी प्रकरण म्हणून तेथे त्याला दाखल करून घेतले नाही, वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाची वाट दाखवली, आणि त्या वाटेतच त्याचे प्राण गेले. वर्तमानपत्रातल्या या हकीकतीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि १९८९ साली न्यायालयाने निवाडा दिला की आधी जीव वाचवावा, कागद मागाहून व्हावेत, आणि हे बंधन सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरवर आहे. हा हुकूम डॉक्टरांपुरता होता. रस्त्यावर थांबणाऱ्याची भीती तशीच राहिली. २०१६ साली सेव्हलाइफ फाउंडेशनच्या अर्जावर न्यायालयाने त्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्‌हेतूने मदत करताना हातून चूक झाली किंवा रुग्ण दगावला तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दावा लागू होत नाही, असे ते कलम सांगते. २०२० च्या नियमांनी पुढचा खुलासा केला: त्याने नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, साक्ष देण्याची सक्ती नाही, आणि तो आपखुशीने साक्षीदार झालाच तर त्याच्या सोयीच्या जागी त्याचा जबाब घ्यावा. हे हक्क रुग्णालयाच्या दारात स्थानिक भाषेत लावलेले असावेत, अशीही तरतूद आहे. ती किती ठिकाणी पाळली जाते, हे वाचकांनी जाता-येता जरूर पाहावे.

आपल्याकडच्या मोटारसायकल-मंडळांनी यात स्वतःची अशी भर घातली आहे. सहलीस निघताना सर्वांत अनुभवी स्वार पुढे न ठेवता मागे ठेवण्याची त्यांची रीत आहे. या शेवटच्याला ते ‘स्वीप’ म्हणतात, त्याच्याजवळ हत्यारांची पिशवी आणि प्रथमोपचाराची पेटी असते, आणि त्याला कोणाच्याही पुढे जाण्याची मुभा नसते. घाटात कोणी पडले तर जागेवर तो असतोच. रुग्णालयाच्या व्हरांड्यात रक्तगट विचारत फिरणारी, घरच्यांना गाठणारी, विम्याचे कागद जमवणारी आणि महिन्यांनंतरही व्यायामासाठी त्याला ने-आण करणारी मंडळी बहुधा याच टोळीतली असतात. आणि माझ्या मते यातली शेवटची कामगिरीच सर्वांत कठीण, कारण पहिल्या आठवड्यात विचारपूस करणारे पुष्कळ असतात आणि सहाव्या महिन्यात फार थोडे.

ज्यांचा कोणत्याही मंडळाशी संबंध नाही अशा वाचकांनी एवढे करावे. रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर आपले वाहन सुरक्षित जागी उभे करून मागच्या वाहनांना इशारा द्यावा, १०८ किंवा ११२ हा क्रमांक फिरवून जागा नेमकी सांगावी, जखमीला पाणी पाजण्याची घाई करू नये आणि श्वास चालू असेल तर त्याचे हेल्मेट काढू नये. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेने अपघातग्रस्तास पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची सोय केली आहे, तेव्हा पैशाअभावी दाखल करून घेत नाहीत असे आढळल्यास हा नियम ठामपणे पुढे करावा. आणि आपल्याला कोणी नाव विचारलेच, तर ते सांगणे न सांगणे सर्वस्वी आपल्या मर्जीवर आहे, हे ध्यानात ठेवावे.