ध्रुवीय शैवाल आणि ढगांचे बीज

मृग नक्षत्र लागले की आळंद, बसवकल्याण व भालकी तालुक्यांतील शेतकऱ्यांची दृष्टी आभाळाकडे लागते. तुरीची पेरणी ढगावर अवलंबून. परंतु ढग ज्यावर अवलंबून असतो तो कण कोणाच्या नजरेस पडत नाही. बाष्पाला थेंबाचे रूप घेण्यासाठी आधार हवा असतो. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा कणही त्यास पुरतो. आपल्याकडे धूळ व धुरामुळे असे कण विपुल आहेत. ध्रुवीय सागरावर मात्र ना शेतातली माती, ना चुली. मग तेथील ढगांना कण पुरवतो कोण?

लाटांच्या तुषारांतील मीठ हा एक पुरवठादार; दुसरा म्हणजे सूक्ष्म शैवाल. सागरी बर्फाच्या बुडाशी वाढणारे हे शैवाल थंडी व खारेपणा यांपासून बचाव करण्यासाठी गंधकयुक्त द्रव्य साठवून ठेवते. बर्फ वितळला की ते पाण्यात मिसळते, जीवाणू त्याचे विघटन करतात आणि डायमिथाइल सल्फाइड हा वायू हवेत जातो. (समुद्राच्या परिचित वासात याच वायूचा अंश असतो.) हवेत त्याचे गंधकाम्ल होते व त्यापासून कण बनतात. कण वाढले म्हणजे तेवढ्याच पाण्याचे अधिक परंतु बारीक थेंब होतात. ढग शुभ्र होऊन जास्त ऊन परतवतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तर ध्रुवाकडील सागरी बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आकसला. बर्फ हटला की उघड्या पाण्यात ऊन पोहोचते, शैवाल फोफावू शकते. मग ढग दाटून पृथ्वी आपोआप थंड होईल, असे कोणी म्हणेल. ही आशा भाबडी आहे. सखल ढग गोधडीप्रमाणे उष्णता अडवूनही ठेवतो.

गोव्याहून ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. आज वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र दक्षिणेकडील 'मैत्री' व 'भारती' आणि उत्तरेकडील 'हिमाद्री' ही संशोधनस्थानके सांभाळते.

कणांचे हेच शास्त्र आपल्या शेजारीही उपयोगात आले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरातील ढगांमध्ये विमानातून पाणी शोषणारे क्षारकण सोडले. पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. मात्र त्यासाठी पाण्याने भरलेला, वर चढणारा ढग आधी आकाशात असावा लागतो. निरभ्र आकाशातून पाऊस पाडून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर ग्रामपंचायतीने त्यावर पैसा खर्च करू नये.