बेसवाला कुठे लपलाय?

एडमार कास्तान्येदाचं वादन डोळे मिटून ऐका. तुम्ही पैजेवर सांगाल, की दोघं जण वाजवताहेत. एक खर्जात घुमणारा बेस धरून बसलाय, दुसरा वर भराभर सूर उधळतोय. आता डोळे उघडा. माणूस एकच, वाद्यही एकच! उंच हार्पपाशी उभा राहून तो वाजवतोय. डावा हात बेसवाला, उजवा हात गाणारा.

हे आलं कुठून? कास्तान्येदाचा जन्म १९७८चा, कोलंबियातल्या बोगोता शहरातला. त्याच्या वादनाचं मूळ मात्र शहराबाहेर आहे. कोलंबिया आणि व्हेनेझुएलामध्ये ओरिनोको नदीच्या खोऱ्यात अफाट गवताळ मैदानं आहेत. त्यांना 'यानोस' म्हणतात. स्पॅनिश लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी आणलेला हार्प तिथल्या गुराख्यांनी आपलासा केला आणि त्यावर 'होरोपो' हे नाचाचं संगीत रंगू लागलं. होरोपोचा ठेका मोठा गमतीचा. सहा मात्रा मोजा. डाव्या हाताने १ आणि ४ वर मांडीवर थाप द्या, उजव्या हाताने १, ३, ५ वर. जमतंय? हात गोंधळतात ना! होरोपो वाजवणाऱ्यांच्या अंगात असे दोन हिशेब एकदम मुरलेले असतात.

तेराव्या वर्षी एडमारने हार्प हाती घेतला. १९९४ साली तो अमेरिकेत न्यूयॉर्ककडे आला आणि तिथे जॅझच्या प्रेमात पडला. शिकायला मात्र त्याने घेतला ट्रम्पेट! दिवसा ट्रम्पेटवर जॅझ शिकायचं, रात्री रेस्टॉरंटमध्ये हार्प वाजवायचा आणि दिवसा शिकलेलं तिथे तारांवर उतरवून बघायचं. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात आवडतो.

अडचण साधी नव्हती. यानोसच्या हार्पला साधारण ३२ तारा असतात. पण तो म्हणजे फक्त पांढऱ्या पट्ट्यांची पेटी! जॅझला तर काळ्या पट्ट्यांचे सूर पावलोपावली लागतात. मग युक्ती काय? तार आखूड केली की सूर चढतो. निम्मी केली तर थेट वरच्या सप्तकातला तोच सूर मिळतो. पांढऱ्यावरून लगतच्या काळ्या पट्टीवर जायला मात्र तारेचा सुमारे अठरावा भागच कमी करावा लागतो, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या तारेत जेमतेम ५ सेंटिमीटर. जुने वादक त्यासाठी तार वरच्या टोकाशी बोटाने दाबतात. कास्तान्येदासाठी फ्रान्सच्या कामाक कंपनीने खास हार्प बनवला, त्यात हे काम छोट्या कळा करतात. वाजवता वाजवता कळ फिरवायची, तीही ठेका न सोडता!

आणि खर्ज? फक्त लांबी वाढवून चार सप्तकं खाली जायचं, तर तार सोळापट लांब हवी. एवढा हार्प दारातून आत येणार कसा? म्हणून खालच्या तारा लांबीबरोबर जाडही करतात. जाड तार जड, म्हणून ती सावकाश थरथरते आणि आवाज खोल येतो.

या खर्जावर कास्तान्येदाचा इतका भरवसा, की त्याने हार्प, ट्रॉम्बोन आणि ड्रम्स अशा तिघांचा संच उभा केला. त्यात बेसवाला नाहीच! २०१७ साली जपानी पियानोवादक हिरोमीबरोबर त्याने कॅनडातल्या माँट्रियलला वादन केलं, त्याचं ध्वनिमुद्रण निघालंय. त्यात त्याने स्वतः रचलेली 'फॉर जाको' ही धूनही आहे. कुणासाठी? बेस गिटारचा जादूगार जाको पास्टोरियस याच्यासाठी!