‘मॅडम, आज काही विशेष?’

आठवड्यातून एकदा तरी स्टाफरूममध्ये मला हा प्रश्न येतोच. विशेष काहीच नसतं. साधा मंगळवार असतो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा तास असतो आणि मी आजीची इरकल नेसून आलेली असते. वर पोपटी खणाचा झंपर, हातात तीन रंगांच्या काचेच्या बांगड्या. जुनी साडी म्हणजे हळदीकुंकू, नाहीतर कॉलेजचा ‘ट्रॅडिशनल डे’, असं आपल्या डोक्यात बसलंय. बेळगावात हे घडावं याचं मला नवल वाटतं, कारण आपल्याकडे इरकल ही मुळात रोजची साडी. सणाला जरा भारी, एवढाच काय तो फरक.

बागलकोट जिल्ह्यातलं इळकल आपल्या तोंडी इरकल झालं. या साडीचं अंग सहसा सुती आणि पदर लाल रेशमाचा, त्या लालात पांढरे पट्टे. पदराचे उभे धागे वेगळे असतात. अंगाच्या धाग्यांशी ते फास अडकवून जोडायचे. या कामाला तिकडे ‘टोपी तेणी’ म्हणतात. त्यामुळे प्रत्येक साडीचा ताणा स्वतंत्र लावावा लागतो, थानासारखं लांबच लांब विणून मग कापायचं असं चालत नाही. पुढे खऱ्या रेशमाच्या जागी बरेचदा कृत्रिम रेशीम आलं, यंत्रमागावरची नक्कलही आली. आपल्या शहापूर-वडगाव-खासबागच्या विणकरांच्या घरांतही हातमागाच्या जागी यंत्रमागाची खडखड आली. म्हणून ट्रंकेत हातमागाचं जुनं लुगडं असेल, तर ते डांबरगोळ्यांच्या वासात ठेवण्यापेक्षा अंगावर आणावं, असं माझं मत आहे. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलं की रेशीम त्या घडीवरच चिरतं. नेसलं नाही म्हणून कापड वाचतं, असं नाही.

ही साडी ट्रंकेत गेली त्याचं कारण मात्र कापडात नव्हतं. कडोली, येळ्ळूर, उचगावहून डोक्यावर बुट्टी घेऊन बाजारात येणाऱ्या बायकांच्या अंगावर इरकल होती, म्हणून शिकलेल्या घरांनी ती उतरवली. वर्गातल्या एका मुलीने ट्रॅडिशनल डेला भाड्याने चमचमती नऊवारी आणली होती. तिची आई रोज इरकलच नेसते, हे मला ठाऊक होतं. ‘आईची का नाही नेसलीस?’ असं विचारलं, तर म्हणाली, ‘ती काय मॅडम, आईची बाजाराला जायची साडी.’ मी त्यावर काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात मात्र दोनदा इरकल नेसून तासाला गेले.

दुसरा अडथळा मॅचिंगचा. साडी घेतली की तिचा तुकडा हातात घेऊन मॅचिंग सेंटरच्या पायऱ्या चढायच्या, रंग अर्धा पाव छटेनं चुकला तर परत यायचं, मग त्याच रंगाच्या बांगड्या, त्याच रंगाची टिकली. आजीकडे खणाच्या चोळ्या मोजून चार होत्या. हिरवी, गुलबक्षी, मोरपंखी आणि एक आमसुली. कुठल्याही लुगड्यावर कुठलीही. जुन्या इरकलीचे रंग खोल, डाळिंबी, अंजिरी, गर्द निळे. त्यांच्यावर गुळेदगुडचा पोपटी किंवा पिवळा खण उठून दिसतो, आणि पदराचा लाल दोघांनाही सांभाळून घेतो. काळी चंद्रकळा असेल आणि तिच्यावर कशिदा असेल, कसुतीचा हो, हत्ती, पालखी, तुळशीवृंदावन, तर मग गळ्यात काहीच लागत नाही. त्यावर मोठे झुमके घालणाऱ्यांचा मला राग येतो. असो, ज्याची त्याची आवड.

बांगड्या मी कासाराकडूनच भरते. रंग मोजून घेत नाही. हिरव्या चार, लाखी दोन, मध्ये एखादी पिवळी. फळ्यावर लिहिताना त्या वाजतात, मागच्या बाकावरची मुलं त्यामुळे जागी राहतात हा जादा फायदा. पर्स खणाच्या तुकड्याची. तो उरला होता ओटीच्या खणांमधून. ओटीत आलेले खण कपाटात साठवून पुढच्या ओटीत घालत राहण्याची आपली पद्धत मी आमच्या घरात बंद केली आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. लाल पदर रंग सोडतो. जुनी इरकल घरी धुवायची तर एकटीच, गार पाण्यात, रिठ्याने, आणि पदर अंगावर न पडेल अशी सावलीत वाळवायची. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची. काठ विरला असेल तर आधी रफू करून घ्यावा, मगच नेसावी.

आजीची दोन लुगडी नऊवारी होती. पैकी एक मी कापलं. सहा वारांची साडी झाली, उरलेल्या तीन वारांत माझा एक कुर्ता आणि लेकीची पुस्तकांची पिशवी. मावशी त्या दिवशी जेवली नाही. ‘आईच्या लुगड्याला कात्री लावलीस,’ एवढंच म्हणाली. पुढे महिनाभराने तिने त्याच साडीचा पदर हातात घेऊन किती तरी वेळ पाहिला, ‘बरा दिसतोय’ म्हणाली, आणि लगेच, ‘पण दुसऱ्याला हात लावू नकोस.’

दुसरं लुगडं अजून अखंड आहे. लेक म्हणते, मी नऊवारीच नेसून कॉलेजला जाईन, स्कूटीवर. मावशी तिला काष्टा शिकवायला तयार आहे, स्कूटीला नाही.