विश्लेषण : स्वतः जेतेपदाविना, पण सहकारी घडवले… ‘एनबीए’त ख्रिस पॉलच्या सहवासाला इतके महत्त्व का?

जून २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सला निर्णायक सातव्या सामन्यात हरवून ‘एनबीए’चे जेतेपद पटकावले. अंतिम लढतींत सर्वोत्तम ठरलेला शे गिल्जस-अलेक्झांडर आणि बचावाची धुरा वाहणारा लू डॉर्ट हे दोघे कारकीर्दीच्या सुरुवातीला एका हंगामासाठी ख्रिस पॉलसोबत खेळले होते. २१ हंगाम खेळूनही पॉलला मात्र एकही जेतेपद मिळालेले नाही. तरीही तरुण खेळाडूंचे संघ त्याला पुन्हा पुन्हा का घेत राहिले?

ख्रिस पॉल कोण?

जन्म १९८५, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य. उंची सहा फूट, म्हणजे या खेळात बुटकाच. २००५ च्या ड्राफ्टमध्ये न्यू ऑर्लिन्सने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले. त्याची जागा पॉइंट गार्डची. चेंडू कोणाकडे आणि कधी द्यायचा हे ठरवणारा खेळाडू. सहकाऱ्याच्या बास्केटला कारणीभूत ठरणाऱ्या पासला ‘असिस्ट’ म्हणतात. एकूण असिस्टमध्ये पॉल जॉन स्टॉक्टननंतर दुसऱ्या क्रमांकावर आहे.

ओक्लाहोमात काय घडले?

२०१९ मध्ये ह्युस्टनने रसेल वेस्टब्रूकच्या बदल्यात पॉलला ओक्लाहोमाला दिले. पॉल जॉर्जही तेव्हा संघ सोडून गेला होता. संघ आता नव्याने बांधला जाणार आणि पॉल तिथे वेळ काढणार, असाच बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात थंडरने ७२ पैकी ४४ सामने जिंकून प्लेऑफ गाठले. दुसऱ्याच हंगामात खेळणाऱ्या गिल्जस-अलेक्झांडरने सामन्यामागे १९ गुण मिळवले. ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेल्या डॉर्टने प्लेऑफमध्ये जेम्स हार्डनला रोखण्याची जबाबदारी पेलली आणि सातव्या सामन्यात ३० गुण केले. तो सामना थंडरने अवघ्या दोन गुणांनी गमावला.

तरुण नेमके काय शिकतात?

डिसेंबर २०१९ मधील मिनेसोटाविरुद्धचा सामना हे त्याचे गाजलेले उदाहरण. शेवटचे काही क्षण उरले होते आणि थंडर पिछाडीवर होता. मैदानात उतरणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची जर्सी शॉर्ट्समध्ये खोचलेली नाही, हे पॉलने पंचांच्या नजरेस आणून दिले. मिनेसोटाला वेळकाढूपणाची ताकीद आधीच मिळालेली असल्याने थंडरला तांत्रिक फ्री थ्रो मिळाला. पुढे डेनिस श्रोडरने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि थंडरने जादा वेळेत सामना जिंकला. नियमपुस्तिका पाठ असणे हेही कौशल्य असते, हे तरुणांना भाषणातून नव्हे, तर डोळ्यांसमोर दिसले.

दुसरा धडा शरीराचा. २०१९ पासून पॉलने वनस्पतीजन्य आहार स्वीकारला. २०२४-२५ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो सॅन अँटोनियो स्पर्सकडून सर्वच्या सर्व ८२ साखळी सामने खेळला. १९-२० व्या वर्षी लीगमध्ये येणाऱ्या मुलांच्या हाती अचानक मोठा पैसा येतो. प्रवास, झोप, आहार आणि सराव यांची सांगड कशी घालायची, हे शेजारच्या लॉकरवाल्याकडे पाहूनच ते शिकतात.

याचे श्रेय एकट्या पॉलला?

तसे म्हणणे धाडसाचे ठरेल. २०२० मध्ये तो फिनिक्स सन्सकडे गेला. दहा वर्षे प्लेऑफबाहेर असलेला हा संघ डेव्हिन बुकर, डीआंड्रे एटन आणि मिकाल ब्रिजेस यांच्या जोरावर थेट अंतिम लढतीत पोहोचला. मात्र तिथे मिलवॉकी बक्सने ४-२ अशी बाजी मारली. पण पॉल येण्याआधीच्या हंगामाचे अखेरचे आठही सामने सन्सने जिंकले होते. स्पर्सचे विजय २२ वरून ३४ वर गेले, तेव्हा संघात व्हिक्टर वेम्बन्यामा होता आणि स्टीफन कॅसल वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला. गुणवत्ता आधीपासून होती. पॉलने तिला शिस्त लावण्यास हातभार लावला, इतकेच खात्रीने म्हणता येते.

हाच स्वभाव अडचणीचा का ठरला?

२०२५ मध्ये पॉल जुन्या लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे परतला. हंगामाची सुरुवात संघासाठी अतिशय वाईट झाली आणि डिसेंबरच्या प्रारंभी क्लिपर्सने त्याला दौऱ्यावरूनच घरी पाठवले. खराब कामगिरीचे खापर पॉलवर फोडत नसल्याचे व्यवस्थापनाने स्पष्ट केले. मात्र सहकारी आणि व्यवस्थापन यांना उघडपणे जाब विचारण्याची त्याची पद्धत खटकल्याचे वृत्त अमेरिकी माध्यमांनी दिले.

फरक श्रोत्यांचा होता. विशीतला खेळाडू चूक दाखवणाऱ्याकडे शिक्षक म्हणून पाहतो. क्लिपर्समध्ये मात्र स्वतःच्या सवयी पक्क्या झालेल्या अनुभवी खेळाडूंचा भरणा होता. तिथे तीच टोकणी ढवळाढवळ वाटू शकते.

संघांनी यातून काय घ्यावे?

ज्येष्ठ खेळाडूशी करार करताना त्याचे गुण आणि असिस्ट मोजता येतात, सहवासाचा परिणाम नाही. तो कधी कधी सहा वर्षांनी, दुसऱ्याच्या हातातील करंडकात दिसतो. ओक्लाहोमात तेच झाले. पॉल तिथे जेमतेम एक हंगाम होता. पण त्याला शेजारी पाहत घडलेली दोन मुले २०२५ मध्ये विजेत्या संघात होती.